खिडकीमागील ताण : कर्मचारी-प्रशिक्षण आणि स्वास्थ्य यांचा एक विचार

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यातील कोणत्याही तालुक्याच्या मामलेदार कचेरीत सकाळी दहाच्या सुमारास जाऊन पाहावे. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झालेले असतात. रहिवासाचा, उत्पन्नाचा, जातीचा असे दाखले मिळविण्यासाठी आलेल्यांची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोहोचलेली असते. बाहेर पाऊस कोसळत असतो, आत ओल्या छत्र्यांचे पाणी लादीवर साचलेले असते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाची अडचण आपणां सर्वांना सहज समजते, कारण त्या रांगेत आपण कधी ना कधी उभे राहिलेलो आहोत. खिडकीच्या पलीकडे बसलेल्या कारकुनाच्या मनाची स्थिती मात्र क्वचितच कोणी विचारात घेतो. संगणकाची यंत्रणा बंद पडलेली असते व ती केव्हा सुरू होईल हे त्याला ठाऊक नसते. ज्यांच्या सहीवाचून दाखला निर्गत होत नाही ते अधिकारी बैठकीसाठी पणजीस गेलेले असतात आणि ते केव्हा परततील हेही त्याला सांगता येत नाही. माणसामागून माणूस येऊन तोच प्रश्न विचारतो व त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हाती नसते. संध्याकाळी बस पकडावयास निघालेल्या या मनुष्याने दिवसभरात शारीरिक श्रम फारसे केलेले नसतात. तरी नांगर धरून आलेल्या शेतकऱ्याहूनही तो अधिक थकलेला दिसतो.

या थकव्याचे स्वरूप काय, तो कोणाच्या वाट्यास अधिक येतो, आणि प्रशिक्षण व स्वास्थ्य-उपक्रम यांच्या योगे तो कितपत कमी करता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाने आरंभीची बरीच वर्षे कचेरीत व त्यानंतरची काही वर्षे शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गांत घालविली आहेत. तेथे जे पाहिले तेही ओघाने येईल. प्रतिपादन थोडक्यात असे आहे : कर्मचाऱ्याला शांत राहावयास शिकविणे इष्टच आहे, परंतु त्याच्या कामावर त्याचा स्वतःचा काही ताबा राहील अशी व्यवस्था न करता केवळ शांत राहावयास शिकविणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडीत बसण्यासारखे आहे.

गोव्यातील कर्मचाऱ्याविषयी बोलताना आणखी एक गैरसमज आड येतो. आपण सारे ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत वृत्तीचे, असे बाहेरचे लोक समजतात आणि ऐकून ऐकून आपणही तसेच समजू लागलो आहोत. ज्याने काणकोण वा सत्तरीच्या आतल्या भागातून दोन बसगाड्या बदलून रोज पणजी गाठली आहे, त्याला हा शब्द कितपत लागू पडतो, हे त्यालाच विचारावे.

ताण म्हणजे काय?

ताण हा शब्द आपल्याला नवा नाही. तंबोऱ्याची तार ताणल्यावाचून सुरात येत नाही व प्रमाणाबाहेर ताणली तर तुटते, हे गाणे न येणाऱ्यासही कळते. वैद्यकशास्त्रात या कल्पनेला स्थान मिळवून देण्याचे श्रेय हान्स सेली या शास्त्रज्ञाकडे जाते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करीत असता त्याला असे आढळले की, थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य अशी कारणे भिन्न असली तरी शरीराचा प्रतिसाद बव्हंशी एकाच प्रकारचा असतो. १९३६ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. या प्रतिसादाच्या त्याने तीन अवस्था सांगितल्या. प्रथम शरीर सावध होते. नंतर ते प्रतिकार करीत तग धरते. आणि कारण दूर झालेच नाही तर अखेरीस त्याची शक्ती संपते. सर्वच ताण वाईट असतो असे मात्र सेलीने म्हटले नव्हते. हितकारक व अहितकारक असे ताणाचे दोन प्रकार त्याने पुढे स्वतःच सांगितले. अर्थसंकल्पाच्या आधीचे आठ दिवस झपाटून काम केल्यावर जे समाधान वाटते, तेही ताणातूनच आलेले असते.

शरीरात घडते ते असे. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि त्याच्या मागोमाग कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात मिसळतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तात साखर अधिक प्रमाणात येते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. अंगावर रानडुक्कर धावून आले तर पळावयास किंवा तोंड द्यावयास ही तयारी उत्तम होय. खिडकीमागील कारकुनाला मात्र पळताही येत नाही आणि भांडताही येत नाही. शरीराने केलेली सारी तयारी वाया जाते व तो खुर्चीतच बसून राहतो. एखाद्या दिवशी असे घडले तर रात्रीच्या झोपेने त्याची भरपाई होते. महिनेच्या महिने असेच चालले तर प्रथम झोप बिघडते. त्यानंतर पित्त, डोकेदुखी, मान व कंबर आखडणे, चिडचिड, विसरभोळेपणा आणि वाढता रक्तदाब अशा तक्रारी सुरू होतात. बहुतेक कर्मचारी यांपैकी एकेका तक्रारीसाठी स्वतंत्र औषध घेत राहतात.

साहेब की शिपाई?

जबाबदारी जितकी मोठी तितका ताण अधिक, असा आपला सर्वसाधारण समज आहे. निर्णय घेणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हृदयविकार व्हावा आणि फाइल नेणारा शिपाई निश्चिंत असावा, असे आपण गृहीत धरतो. या समजाला धक्का देणारा अभ्यास शासकीय कर्मचाऱ्यांवरच झालेला आहे व म्हणून तो आपण सर्वांनी जाणून घेण्याजोगा आहे.

लंडन शहरात व्हाइटहॉल नावाच्या रस्त्यावर व त्याच्या आसपास ब्रिटिश शासनाच्या कचेऱ्या आहेत. तेथील पुरुष कर्मचाऱ्यांची आरोग्यतपासणी १९६७ सालापासून हाती घेण्यात आली. मायकेल मार्मॉट आणि त्यांचे सहकारी यांनी ४० ते ६४ वर्षे वयाच्या १७,५३० कर्मचाऱ्यांविषयीचा निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. साडेसात वर्षांच्या काळात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे निरोप पोहोचविणारे व तत्सम कर्मचारी यांच्यात, सर्वांत वरच्या प्रशासकांच्या ३.६ पट होते. मधल्या श्रेणींतही पायरीगणिक हे प्रमाण वाढत गेलेले दिसले. यांपैकी कोणीही अन्नाला मोताद नव्हता, सर्वांस कायम नोकरी होती व सर्व एकाच शहरात राहणारे होते. खालच्या श्रेणीत धूम्रपान अधिक होते, रक्तदाबही अधिक होता, हे खरे; पण या सर्व गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही अंतर बरेचसे शिल्लक राहिले.

ते अंतर कशाने पडले, याचा शोध घेण्यासाठी १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात १०,३०८ कर्मचारी होते आणि या वेळी स्त्रियांचाही समावेश होता. या अभ्यासातून १९९७ साली जो निष्कर्ष पुढे आला तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊन भिडतो. आपले काम कसे करावे, कोणत्या क्रमाने करावे, केव्हा थांबावे, यांविषयी ज्यांना काहीच ठरविता येत नव्हते, त्यांच्यात पुढील वर्षांत हृदयविकार अधिक आढळला. आणि श्रेणीश्रेणींतील अंतराचा बराच भाग या एका गोष्टीने उलगडला. अशा अभ्यासावरून प्रत्येक रोग कचेरीनेच दिला असे म्हणणे धाडसाचे होईल. घर, आहार, बालपणीची परिस्थिती यांचाही वाटा असतोच. तरीही वरच्या खुर्चीला ताण आणि खालच्या बाकाला आराम हा हिशेब चुकीचा आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

याची तात्त्विक मांडणी अमेरिकेतील रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच केली होती. कामाची मागणी आणि कामावरील ताबा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. मागणी मोठी व ताबाही मोठा असेल तर मनुष्य शिकतो, उमलतो. मागणी मोठी आणि ताबा नाही अशी स्थिती असेल तर तो खचतो. जर्मनीतील योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये तिसरी बाब पुढे आणली. श्रमांच्या मानाने मिळणारा मोबदला अपुरा वाटला की ताण वाढतो, असे त्यांचे म्हणणे आहे. व मोबदला म्हणजे केवळ वेतन नव्हे, मान आणि नोकरीची शाश्वती यांचाही त्यात समावेश होतो, हे त्यांनी दाखवून दिले. कंत्राटी पद्धतीवर वर्षानुवर्षे काम करणारा संगणकचालक आणि त्याच्या शेजारी तेच काम करणारा कायम कारकून यांच्याकडे पाहिले म्हणजे या सिद्धान्ताला वेगळ्या उदाहरणाची गरज राहत नाही.

लोकांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला आणखी एक श्रम पडतात व ते कोणत्याही कार्यविवरणात लिहिलेले नसतात. आत राग येत असता बाहेर सौजन्य ठेवावे लागते. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने विमानातील सेविकांचा अभ्यास करून १९८३ साली या ‘भावनिक श्रमां’वर पुस्तक लिहिले. आपल्याकडील बसवाहक, रुग्णालयातील परिचारिका, पंचायत सचिव, वीज खात्याच्या तक्रारकक्षातील कर्मचारी हे सर्व दिवसभर हेच श्रम करीत असतात. पहिल्या माणसाचे अपमानास्पद बोलणे गिळून दुसऱ्याला तत्क्षणी “बोला” असे म्हणावयाचे, याला शक्ती लागते.

स्वास्थ्य-उपक्रमांची मर्यादा

अलीकडे या प्रश्नाची जाणीव वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. केंद्रीय आयुष मंत्रालयाने कचेरीत खुर्चीजवळच करता येईल असा पाच मिनिटांचा योगविराम तयार केला असून २०२१ मध्ये त्यासाठी भ्रमणध्वनीवरील उपयोजनही काढले. निरनिराळ्या खात्यांत योगवर्ग, आरोग्यतपासणी, व्याख्याने होतात. मनाचे सामर्थ्य कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी ज्यांचा पुतळा आपण येता-जाता पाहतो ते आबे फारिया कांदोळीचेच. संमोहनाचा परिणाम संमोहनकर्त्याच्या अंगी असलेल्या कोणत्याही गूढ शक्तीने होत नसून तो ज्याच्यावर प्रयोग चालतो त्याच्या मनातूनच उद्भवतो, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये प्रतिपादन केले होते.

तथापि केवळ व्यक्तीला उद्देशून केलेले उपक्रम कितपत पुरे पडतात, याविषयीचा पुरावा फारसा उत्साहवर्धक नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना स्वास्थ्य-कार्यक्रम दिला व उरलेल्यांना दिला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वैद्यकीय खर्च, आरोग्य व गैरहजेरी यांत लक्षणीय फरक पडला नाही. संधी मिळताच ज्यांनी आपणहून नावे नोंदविली, ते मुळातच अधिक निरोगी होते, असेही आढळले. ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांविषयीचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यातही ताण-नियमनाच्या वर्गांना वा तत्सम उपक्रमांना गेलेले आणि न गेलेले यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही; लोकोपयोगी स्वयंसेवेची संधी हा तेवढा अपवाद होता.

यावरून योगवर्ग बंद करावेत असा अर्थ कोणी काढू नये. मंद गतीने, मिनिटास सहाच्या आसपास श्वास घेण्याने हृदयाची गती निवळते, हे कोणासही पाच मिनिटांत स्वतःच पडताळून पाहता येईल. खिडकीवर कडाक्याचे भांडण झाल्यावर मागे जाऊन असे पाच मिनिटे बसणे फार उपयोगी पडते. मात्र त्या पाच मिनिटांत खिडकीवर दुसरा माणूस बसावयास हवा. ती सोय नसेल तर त्या कर्मचाऱ्याला शिकविलेला प्राणायाम घरी करण्यापुरताच उरतो. जेवणाच्या सुटीचेही तसेच आहे. खिडकी दुपारी बंद होते, पण रांगेतील चारदोन माणसे आत डोकावत असता टेबलावरच डबा उघडून घाईघाईने चार घास खाणारे कर्मचारी आपण पाहतो. जेवणासाठी वेगळी खोली, कंबरेला आधार देणारी खुर्ची, पिण्याचे स्वच्छ पाणी, आणि विशेषतः स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह या गोष्टी स्वास्थ्य-उपक्रमाच्या यादीत कोणी लिहीत नाही. जेथे स्वच्छतागृह नीट नाही तेथे स्त्रिया दिवसभर पाणी कमी पितात आणि दुपारनंतर त्यांचे डोके दुखू लागते. त्यांना ताण-नियमनावर व्याख्यान देण्यापूर्वी नळ दुरुस्त करून घेणे बरे.

अतिरिक्त तासांविषयी एक आकडा नमूद करतो. आठवड्यास ५५ वा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे दिला.

प्रशिक्षण कोणाला आणि कशाचे?

प्रशिक्षण म्हटले की खालच्या कर्मचाऱ्याला वर्गात बसविण्याची आपली पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कामाच्या रचनेतील सुधारणांबरोबरच पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली आहे. त्याला आधार आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या अग्निशामक दलात १२८ पर्यवेक्षक अधिकाऱ्यांपैकी काहींना केवळ चार तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. हाताखालील माणूस त्रासात आहे हे कसे ओळखावे, त्याच्याशी बोलणे कसे सुरू करावे, रजेवर असलेल्याशी संपर्क कसा ठेवावा, एवढेच त्यात शिकविले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा महिन्यांनंतर प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या हाताखालील जवानांची कामाशी निगडित आजाराची रजा घटलेली आढळली, तर इतरांच्या हाताखालील जवानांची वाढलेली दिसली. चार तास म्हणजे आपल्या एका सकाळच्या बैठकीचा वेळ.

ब्रिटनमध्ये २००४ पासून कार्यालयप्रमुखांसाठी सहा कसोट्या घालून दिलेल्या आहेत. कामाची मागणी, कामावरील ताबा, मिळणारा आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल घडविण्याची रीत, अशा त्या होत. त्या सहांपैकी आपल्या कचेऱ्यांत कोणती सर्वांत कमी पडते, हे मला एका वर्गातच समजले. प्रशिक्षणार्थींना एक कोरा कागद देऊन, नाव न लिहिता, कामात सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो ते एका वाक्यात लिहावयास सांगितले होते. “काम फार आहे” असे बहुतेक जण लिहितील, अशी माझी अपेक्षा होती. तसे लिहिणारे थोडेच निघाले. पुष्कळांच्या कागदावर या ना त्या रूपाने “माहीत नसते” हे शब्द होते. सही केव्हा होईल माहीत नसते. धारिका परत का आली माहीत नसते. बदली कोठे व केव्हा होईल माहीत नसते. एका शिपायाने लिहिले होते, “लोक मला विचारतात, मी कोणाला विचारू?”

त्यानंतर एका कचेरीतील शिपायापासून कार्यालयप्रमुखापर्यंत सर्वांचा एकत्र वर्ग घेण्याची संधी मिळाली. ताणाची लक्षणे, श्वसन, संवादाचे नियम हा भाग अर्ध्या दिवसात संपविला आणि उरलेला अर्धा दिवस त्यांच्या स्वतःच्या कामाची मांडणी करण्यास दिला. त्यातून निघालेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. साहेबांनी सह्यांसाठी दिवसातून दोन वेळा ठरविल्या व त्या दाराशी लिहून ठेवल्या. बाहेर जावयाचे झाल्यास कोण सही करील हेही लिहिले. अर्जात त्रुटी असेल तर त्या सर्व एकाच वेळी एका चिठ्ठीवर लिहून देण्याचा अधिकार खिडकीवरील कारकुनाला मिळाला. यंत्रणा अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ बंद राहिल्यास अर्ज स्वीकारून, कोणत्या दिवशी यावे याची पोच देण्याचीही मुभा त्याला मिळाली. खिडकीवर एकाच माणसाने दिवसभर न बसता दुपारी पाळी बदलावी असे ठरले. सर्वांत उपयुक्त सूचना शिपायाकडून आली. कोणत्या अर्जाला कोणता कागद जोडलेला नाही हे दारात उभ्या असलेल्या त्याला सर्वांच्या आधी दिसत असे. म्हणून त्याला व्हरांड्यात एक टेबल देण्यात आले व रांगेत लागण्यापूर्वीच लोक त्याच्याकडून कागद तपासून घेऊ लागले. त्या माणसाची चालही त्यानंतर बदलली, असे त्याचे सहकारी सांगत.

रांग नाहीशी झाली नाही आणि यंत्रणाही बंद पडावयाची थांबली नाही. परंतु विचारलेल्या प्रश्नाला खिडकीवरील माणूस आता काहीतरी उत्तर देऊ शकत होता. पुढे त्या कार्यालयप्रमुखांची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यांना हे वर्ग ठाऊक नव्हते; सह्यांच्या वेळा प्रथम सैल झाल्या व मग फलकही उतरला. काही महिन्यांनी मी तेथे गेलो तेव्हा शिपायाचे टेबल रद्दी ठेवण्यासाठी वापरले जात होते. प्रशिक्षण एका व्यक्तीच्या उत्साहावर सोडले तर ते त्या व्यक्तीबरोबरच बदलून जाते. म्हणून असे निर्णय कार्यालयीन आदेशाच्या रूपाने धारिकेत असले पाहिजेत आणि कार्यभार सोपविताना नव्या अधिकाऱ्यास ते दाखविले गेले पाहिजेत.

येथे कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा नागरिकांचा हक्क गोव्यात २०१३ च्या अधिनियमाने मान्य झाला. हा हक्क योग्यच आहे. पण मुदतीची टांगती तलवार खालच्या टेबलावर आणि निर्णयाचा अधिकार वरच्या टेबलावर, अशी वाटणी राहिली तर कारासेक यांनी वर्णन केलेली सर्वांत वाईट स्थिती आपण आपल्याच हाताने निर्माण करतो.

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगी या कार्यक्रमास मंजुरी दिल्यापासून संगणकावरून शिकण्याची सोय मोठ्या प्रमाणावर झाली आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथे आपल्या राज्याची प्रशिक्षणसंस्था आहेच. संगणकावरील पाठ ज्ञान देण्यास उपयुक्त असतात. मात्र ते पुरे करण्याची संख्या ठरवून दिली आणि कामाचा एकही तास मोकळा करून दिला नाही, तर ताण-नियमनाचा पाठसुद्धा रात्री घरी बसून उरकावा लागतो.

ताण आणि आजार

एक अनुभव सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. प्रशिक्षणाच्या कामात येण्यापूर्वी मी एका कचेरीत मुख्य कारकून होतो. तेथील एक सहकारी, पूर्वी अत्यंत नेटका, हळूहळू उशिरा येऊ लागला. टपाल त्याच्या खणात पडून राहू लागले. कोणाशी बोलेनासा झाला, डबा न उघडताच परत नेऊ लागला. आम्ही त्याला आळशी ठरविले. खुलासा मागणारे ज्ञापन तयार झाले व त्याचा मसुदा माझ्याच हातचा होता. दुसरे ज्ञापन निघाल्यावर त्याची पत्नी कचेरीत आली आणि त्याला कित्येक महिने झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलतो, हे तिने सांगितले. तो विषादाच्या आजाराने ग्रस्त होता. उपचारांनी तो बरा झाला, अभिलेखकक्षात पुन्हा रुजू झाला व सन्मानाने निवृत्तही झाला. पण त्या काळात त्याच्या टेबलाशेजारी बसून “काय रे, बरे नाही का?” असे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते. चार फुटांवर बसणाऱ्या मीही नाही.

कामाने आलेला शीण आणि आजार यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून अमलात आली, कामामुळे येणाऱ्या पूर्ण थकव्याची नोंद केली आहे. मात्र तो रोग नसून कामाशी निगडित स्थिती आहे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा वा तुच्छता, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, या तिच्या तीन खुणा होत. कामाची रचना बदलली, रजा मिळाली, तर ही स्थिती पुष्कळदा निवळते. परंतु दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ झोप व भूक हरपणे, कशातच मन न रमणे, विनाकारण रडू येणे, व्यसन वाढणे, जीव नकोसा वाटणे यांपैकी काही आढळल्यास तो प्रश्न प्रशिक्षणाचा राहत नाही. डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलला तर दोन आठवड्यांची वाटही पाहू नये. बांबोळी येथे मनोविकारांवरील उपचारांसाठी शासनाची संस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनीसेवा देशभर सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या ३० व्या कलमानुसार शासकीय अधिकाऱ्यांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण मिळावे, अशी जबाबदारी शासनावर आहे. आणि त्याच अधिनियमाप्रमाणे वैद्यकीय विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक मिळावयास हवी. सहकाऱ्याला सल्ला देताना या दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात.

कार्यालयप्रमुखांसाठी

असा वर्ग आपल्या कचेरीत घ्यावयाचा असेल तर जून महिना टाळावा. चवथ आटोपल्यानंतरचे दिवस बरे. खिडकी त्या सकाळी बंद राहील अशी सूचना आठ दिवस आधी दाराशी लावावी, म्हणजे दुरून येणाऱ्याची खेप चुकणार नाही. शिपाई, वाहनचालक आणि कंत्राटी कर्मचारी यांना वगळू नये. आरंभ व्याख्यानाने न करता कोऱ्या कागदांनी करावा. प्रत्येकाने नाव न घालता एक वाक्य लिहावे, आणि हस्ताक्षर ओळखले जाईल अशी भीती कोणास वाटत असल्यास त्याने घरून टंकलिखित करून आणावे. ते कागद कार्यालयप्रमुखांनी स्वतः सर्वांदेखत मोठ्याने वाचावेत. मध्ये खुलासा करू नये. एक महिन्याने त्याच कागदांची यादी फलकावर लावून प्रत्येकासमोर काय केले ते लिहावे, व जेथे काही करता आले नाही तेथे त्याचे कारण लिहावे.